आधी मोजमाप, मग सुटे भाग

वाचकांचे प्रश्न : गाडीतील विजेचे बिघाड आणि दुरुस्तीचा खर्च

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. बहुतेक पत्रांत एकच व्यथा आहे : गाडी अचानक बंद पडली, गॅरेजमध्ये एकामागून एक भाग बदलले गेले, खर्च वाढत गेला आणि मूळ दोष तसाच राहिला. विजेचा दोष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अंदाजाने भाग बदलण्याचा मोह मेकॅनिकला होतो आणि मालकालाही तो मार्ग जवळचा वाटतो. विजेचा दोष मोजता मात्र नक्की येतो, आणि भागावर पैसे घालण्याआधी ते मोजमाप करून घेतले तर पुढचा बराचसा खर्च टळतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न १ : माझी गाडी सलग दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ लागत नाही. प्रथम बॅटरी बदलली. महिनाभरात पुन्हा तोच त्रास सुरू झाल्यावर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बदलला. आता गॅरेजमधून संपूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला मिळतो आहे. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे वाचता संपूर्ण वायरिंग बदलण्याची घाई करू नये. रोज चालविलेली गाडी व्यवस्थित सुरू होते आणि उभी राहिली की बॅटरी उतरते, याचा अर्थ असा की गाडी बंद असतानाही कोणता तरी भाग बॅटरीतून वीज ओढत असावा. अशी थोडीशी ओढ प्रत्येक गाडीत असते, कारण घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक आणि निरनिराळे कंट्रोल युनिट (गाडीतील यंत्रणा चालविणारे छोटे संगणक) यांना थोडी वीज सतत लागते. साधारणपणे ही ओढ २० ते ५० मिलिअँपिअरच्या दरम्यान असली तर काळजीचे कारण नसते.

आता थोडा हिशेब करून पाहू. समजा, आपली बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे (अँपिअर-तास हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप). ४० मिलिअँपिअरच्या ओढीने चोवीस तासांत सुमारे एक अँपिअर-तास खर्च होतो, म्हणजे चांगली बॅटरी दोन-तीन आठवडे सहज तग धरते. हीच ओढ अर्धा अँपिअर झाली तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, आणि दोन दिवसांत अर्ध्याहून अधिक बॅटरी रिकामी होते. आपल्या गाडीचे वर्तन या दुसऱ्या आकड्याशी बरेच जुळते. डिकीतील न विझणारा दिवा, चिकटून राहिलेला एखादा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), बाहेरून बसविलेली म्युझिक सिस्टीम किंवा कॅमेरा, झोपी न जाणारे, म्हणजे गाडी बंद केल्यावरही काम करत राहणारे एखादे कंट्रोल युनिट, यांपैकी कोणतेही कारण एवढी ओढ निर्माण करू शकते. अल्टरनेटरमधील डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बिघडला तरीही गाडी बंद असताना बॅटरी त्यातून उतरत राहते. आपला अल्टरनेटर आता नवीन असला तरी ही शक्यता तपासून संपवावी.

तपासणीची पद्धत अवघड नाही, तिला संयम मात्र लागतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. तो १२.६ च्या आसपास असेल तर साधी शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ असेल तर ती जवळजवळ अर्धी उतरली आहे आणि १२ च्या खाली गेला असेल तर ती रिकामी होत आली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरू नये, आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसावा. काही नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट चार्जिंग गरजेनुसार कमी-जास्त करते, त्यामुळे तेथे एकाच वाचनावरून निष्कर्ष काढू नये.

यानंतर ओढ मोजावी. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये अँपिअर मोजणारा मल्टिमीटर जोडला जातो, किंवा सूक्ष्म डीसी प्रवाह मोजू शकणारा क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावला जातो. दार किंवा बॉनेट उघडे असेल तर त्यांची कुलपे हाताने बंद स्थितीत आणावी लागतात, अन्यथा कंट्रोल युनिट झोपत नाहीत. सर्व कंट्रोल युनिट झोपायला काही गाड्यांत दहा मिनिटे, तर काहींत अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. तोवर मीटरवर दिसणारा मोठा आकडा दोषाचा नसतो, आणि घाईत केलेली बरीच निदाने येथेच चुकतात. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, कारण तेवढा प्रवाह त्याला सोसत नाही.

पुढे दोष कोणत्या फांदीवर आहे हे शोधण्यासाठी फ्यूज एकेक करून काढण्याची जुनी रीत आहे. परंतु फ्यूज काढून पुन्हा लावताना झोपलेली युनिट जागी होतात. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमधील मिलिव्होल्ट मोजणे अधिक चांगले. ज्या फ्यूजमधून प्रवाह वाहत असतो त्याच्यावर सूक्ष्म व्होल्टेज दिसतो, ज्यातून वाहत नाही त्यावर शून्य दिसते. एकदा फ्यूज सापडला की त्या सर्किटवर काय काय जोडलेले आहे हे वायरिंगच्या आराखड्यावरून कळते आणि शोध काही मोजक्या भागांपुरता उरतो.

एवढे काम कुशल ऑटो इलेक्ट्रिशियनला काही तासांत करता येते. तेव्हा आपण गॅरेजला स्पष्ट सांगावे की वायरिंग बदलण्याचा निर्णय नंतर होईल, आधी गाडी झोपल्यावरची ओढ किती मिलिअँपिअर आहे आणि कोणता फ्यूज काढल्यावर ती खाली येते, हे दोन आकडे लिहून हवे आहेत. आकडे देता येत नसतील तर गाडी दुसरीकडे न्यावी. नव्या बॅटरीचीही काळजी घ्यावी : वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची कमी होते. म्हणून दोष सापडेपर्यंत गाडी उभी करताना ऋण टर्मिनल सोडून ठेवावे, किंवा बाहेरून चार्जर लावावा. टर्मिनल सोडण्यापूर्वी रेडिओचा कोड, खिडक्यांची पुनर्जुळणी यांसारख्या गोष्टी गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्याव्यात.

प्रश्न २ : मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज वारंवार जातो. ओळखीच्या वायरमनने १५ ऐवजी ३० अँपिअरचा फ्यूज लावून दिला आणि त्रास थांबला. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. आजच तो काढून मूळ क्षमतेचा फ्यूज लावावा. फ्यूजची क्षमता त्याच्या मागे असलेली वायर किती प्रवाह सहन करू शकते त्यावरून ठरविलेली असते. निळ्या १५ अँपिअरच्या जागी हिरवा ३० अँपिअरचा फ्यूज लावल्यावर दोष तसाच राहतो, पण आता फ्यूज वितळण्याऐवजी वायर तापते, तिचे आवरण वितळते, आणि गाडीला आग लागण्याचा धोका निर्माण होतो. सॉकेटमध्ये नाणे, पिन किंवा धातूचा तुकडा पडला आहे का हे फ्यूज काढून ठेवून पाहावे. हाच न्याय हेडलाइटच्या बल्बला लागू आहे. ५५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो, तर १०० वॉटचा आठ अँपिअरहून अधिक घेतो, आणि मूळ वायर, स्विच व होल्डर त्यासाठी बनविलेले नसतात.

प्रश्न ३ : रात्री लांबच्या प्रवासात डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. मी घाबरून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि नंतर गाडी सुरूच झाली नाही. टोइंगचा खर्च झाला, शिवाय संपूर्ण अल्टरनेटर बदलावा लागला. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर : हा दिवा इंजिन चालू असताना लागला तर त्याचा अर्थ बहुधा असा की बॅटरीला चार्जिंग मिळत नाही आणि गाडी आता फक्त बॅटरीत साठलेल्या विजेवर चालली आहे. पहिली नजर इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे टाकावी. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. तापमान वर चढू लागले किंवा स्टिअरिंग एकाएकी जड झाले, तर पट्टा तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करणे हेच योग्य, नाहीतर इंजिन तापून टोइंगच्या अनेक पटींचा खर्च अंगावर येतो. जळका वास किंवा धूर आला तरीही ताबडतोब थांबून सर्वांनी गाडीबाहेर पडावे.

तापमान ठीक असेल आणि वास नसेल, तर इंजिन चालू ठेवून जवळच्या सुरक्षित ठिकाणी किंवा गॅरेजपर्यंत जावे. एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, म्युझिक आणि मोबाइल चार्जिंग बंद करावे. रात्री हेडलाइट मात्र कधीही बंद करू नयेत. इंधनाचा पंप, इंजिनचे नियंत्रण आणि दिवे मिळून साधारण २० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो, आणि बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी व्होल्टेज एवढा घसरतो की इंजिन बंद पडते. चांगल्या बॅटरीवर अर्धा तास मिळेल असे धरून चालावे आणि त्याहून दूरचा बेत आखू नये. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असलेल्या गाडीत व्होल्टेज घसरल्यावर स्टिअरिंगचे साहाय्यही कमी होऊ शकते, म्हणून वेग आटोपशीर ठेवावा.

अल्टरनेटरविषयी बोलायचे तर तो संपूर्ण बदलणे नेहमीच आवश्यक नसते. त्यातील कार्बन ब्रश झिजतात, रेग्युलेटर जातो, डायोडची प्लेट बिघडते, बेअरिंग आवाज करू लागते, आणि अनेक अल्टरनेटरांमध्ये हे भाग स्वतंत्रपणे बदलता येतात. शिवाय पट्टा सैल असणे, मागचा प्लग निसटणे किंवा अल्टरनेटर ते बॅटरी या जाड वायरीवरील मोठा फ्यूज गेलेला असणे, ही कारणे आधी तपासायला हवीत, कारण त्यांत अल्टरनेटरचा काहीच दोष नसतो. उघडून दुरुस्त करणारा विश्वासू कारागीर असेल तर त्याला दाखवावे. मात्र आतील वाइंडिंग जळलेले असेल, तर नवा किंवा कारखान्यात पुन्हा बांधलेला आणि वॉरंटी असलेला अल्टरनेटर घेणे शहाणपणाचे आहे.

येथे एक सूचना आग्रहाने करतो. अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. बॅटरी अशी अचानक सुटली की व्होल्टेजचा मोठा झटका उसळतो आणि त्यात कंट्रोल युनिट निकामी होऊ शकतात. आपल्या गाडीवर कोणी हा प्रयोग करू लागले तर त्याला तेथेच थांबवावे. मल्टिमीटरने हेच उत्तर क्षणात आणि बिनधोक मिळते.

प्रश्न ४ : मोठ्या पावसानंतर गाडीतील वायपर आपोआप सुरू होतात, दारांची कुलपे उघडमिट करतात आणि डॅशबोर्डवरील सगळे दिवे एकदम लागतात. स्कॅनर लावल्यावर बरेच कोड आले. मुख्य बॉडी कंट्रोल युनिट बदलावे लागेल असे सांगून गॅरेजने फार मोठे अंदाजपत्रक दिले आहे. विमा कंपनी खर्च देणार नाही म्हणते. गाडी जुनी आहे. काय करावे?

उत्तर : एकाच वेळी अनेक असंबद्ध यंत्रणा बिघडतात तेव्हा त्या सर्वांत समान असलेली गोष्ट आधी शोधावी. ती बहुधा वीजपुरवठा, अर्थिंग (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी) किंवा कंट्रोल युनिटांना जोडणारी संदेशवाहक वायरजोडी असते. स्कॅनरवरील कोड कोणत्या सर्किटमध्ये काय अनपेक्षित दिसले एवढेच सांगतो, कोणता भाग विकत घ्यावा हे तो सांगत नाही. एखाद्या युनिटशी संपर्क तुटला असा कोड आला तर ते युनिट खराब असू शकते, त्याला वीज मिळत नसेल, त्याची अर्थिंग गंजली असेल किंवा मधली वायर तुटली असेल. बॅटरी अशक्त असली तरी अशा कोडांची रांग लागते. म्हणून सर्व कोड लिहून घ्यावेत, पुसावेत, बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि कोणते कोड परत येतात ते पाहावे.

त्यानंतर करावयाच्या चाचण्या ठरलेल्या आहेत. संशयित युनिटच्या प्लगवर, भार चालू असताना, पुरेसा व्होल्टेज पोहोचतो का आणि अर्थिंगच्या वायरीवर किती व्होल्ट घटतात हे मोजावे. ही घट ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगची जोडणी स्वच्छ करणे हेच पहिले काम आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च सँडपेपरच्या तुकड्याइतका आणि थोड्या मजुरीइतका असतो. बहुतेक आधुनिक गाड्यांतील कॅन या वेगवान संदेशवहन पद्धतीत वायरजोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. बॅटरी सोडून त्या दोन वायरींमध्ये मोजले तर सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाशी जोडणी तुटली आहे, आणि शून्याजवळचा आकडा दिसला तर त्या वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. हे दोन-तीन आकडे मिळाल्याशिवाय युनिट बदलण्यास संमती देऊ नये.

आपल्या बाबतीत त्याहूनही आधीचा प्रश्न पाण्याचा आहे. पाणी आत कोठून आले हे गॅरेजने सांगितले आहे का? समोरच्या काचेखालील जाळीत पालापाचोळा साचून निचऱ्याची भोके बुजतात, सनरूफच्या नळ्या तुंबतात, एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी अडकते, दारांचे किंवा काचेचे रबर सुटते. मग पाणी गालिच्याखाली उतरते, आणि वरून गालिचा कोरडा दिसला तरी त्याखालचा फोम कित्येक दिवस ओला राहतो. अनेक गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट नेमके तेथेच, पायाशी किंवा आसनाखाली असतात. प्लग उघडून पाहिले असता पिनांवर हिरवा गंज दिसतो. पाण्याची वाट न बुजवता नवे युनिट बसविले तर पुढच्या पावसात तेही जाणार, म्हणून गळती शोधणे, गालिचा उचलून आतून पूर्ण वाळविणे, प्लग साफ करणे आणि कुजलेल्या पिना बदलणे ही कामे अंदाजपत्रकात सर्वांत वर हवीत. यांतूनच दोष गेला तर पुढचा खर्च करण्याची गरज उरत नाही.

युनिट खरोखर गेलेले आहे असे मोजमापाने सिद्ध झाले, तर तीन पर्याय विचारावेत. पहिला, नवे युनिट, ज्याच्या किमतीत गाडीच्या क्रमांकाशी आणि किल्ल्यांशी जुळविण्याचे प्रोग्रॅमिंग धरले आहे की नाही हे लेखी विचारावे. दुसरा, आपल्याच युनिटची सर्किट बोर्डावर दुरुस्ती, जी गंजलेला मार्ग किंवा जळलेला एखादा घटक असेल तर यशस्वी होऊ शकते, आणि मूळ प्रोग्रॅम तसाच राहत असल्याने पुष्कळदा सोयीची ठरते. तिसरा, जुन्या गाडीतून काढलेले युनिट. हे घेताना मोठी खबरदारी हवी, कारण ते आपल्या गाडीच्या चोरीरोधक यंत्रणेशी जुळेलच असे नाही, आणि विजेचे भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीत.

विम्याविषयी आपली निराशा मी समजू शकतो. बहुतेक वाहनविमा पॉलिसींमध्ये आपोआप झालेला यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि झीज वगळलेली असते. पुरासारख्या घटनेने झालेले नुकसान हा मात्र वेगळा विषय आहे, आणि हळूहळू झालेली गळती व एका घटनेत शिरलेले पाणी यांत पॉलिसी फरक करते. नकार तोंडी मिळाला असेल तर तो कोणत्या कलमाखाली आहे हे लेखी मागावे. यापुढे गाडीत पाणी शिरले तर ती सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, छायाचित्रे काढावीत, आणि गाडी उघडण्यापूर्वी कंपनीला कळवावे.

गाडी जुनी आहे एवढ्यावरून ती विकण्याचा निर्णय आज घेऊ नये. न सापडलेल्या विद्युत दोषासह गाडी विकली तर तिला फारच पडेल किंमत मिळते. निदानापुरती रक्कम मंजूर करावी आणि निदान हाती आल्यावर गाडीची बाकीची अवस्था पाहून ठरवावे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा चांगला असेल, तर एका युनिटचा खर्च करणे परवडते. पत्र्याला आणि वायरिंगच्या अनेक जोडांना गंज लागलेला असेल, तर हाच खर्च पुन्हा पुन्हा येईल, आणि तेव्हा थांबलेले बरे.

प्रश्न ५ : माझी गाडी चालता चालता कधीतरी क्षणभर बंद पडते. गॅरेजने दोन दिवस ठेवून घेतली, काहीच सापडले नाही, तरीही तपासणीची मजुरी घेतली. हे न्याय्य आहे का?

उत्तर : मजुरी घेणे न्याय्य आहे, परंतु काय तपासले याची नोंद आपल्याला मिळायला हवी. कोणती मापे घेतली, कोणते जोड उघडून पाहिले, गाडी किती वेळ चालवून पाहिली, हे लिहून दिले तर पुढच्या कारागिराला तेथून पुढे जाता येते, आणि आपले पैसे वाया गेले असे होत नाही. तपासणी फुकट हवी असा हट्ट मालक धरतात, तेव्हा गॅरेजला ती मजुरी सुट्या भागांच्या विक्रीतून काढावी लागते, आणि त्यातूनच नको असलेले भाग गळ्यात पडतात. तपासणीचे दर आधी ठरवावेत, कमाल किती तासांना आपली संमती आहे ते सांगावे, त्यापुढे जाण्याआधी फोन करावा असे जॉब कार्डवर लिहावे, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा.

गाडी क्षणभरच बंद पडत असल्याने दोष पकडण्याचे निम्मे काम आपल्याकडेच आहे. दर वेळी इंजिन गार होते की तापलेले, खड्डा किंवा वळण होते का, पाऊस होता का, इंधन किती होते, एसी चालू होता का, डॅशबोर्डचे दिवेही विझले की फक्त इंजिन थांबले, याची नोंद ठेवावी. सोबत कोणी असेल तर त्यांना डॅशबोर्डचे चित्रीकरण करायला सांगावे. दिवे आणि इंजिन दोन्ही एकदम गेले तर बॅटरीची टर्मिनले, मुख्य अर्थिंग आणि किल्लीचा स्विच संशयाच्या पहिल्या ओळीत येतात. दिवे तसेच राहून फक्त इंजिन थांबत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनच्या फिरण्याची नोंद घेणारा भाग), इंधनाच्या पंपाचा रिले आणि त्यांच्या वायरी आधी पाहाव्यात. काही सेन्सर तापल्यावरच दगा देतात, म्हणून गार गाडीवर केलेल्या तपासणीत काही सापडत नाही. कारागिराने इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जोड हलक्या हाताने हलवून पाहावेत, त्याच वेळी स्कॅनरवरील आकडे कोणी तरी वाचत राहावे, आणि गाडी आपल्या नोंदीतील परिस्थितीत, म्हणजे तापलेली असताना व त्याच प्रकारच्या रस्त्यावर, चालवून पाहावी.

तोवर भरधाव रस्त्यांवर ही गाडी नेऊ नये. इंजिन बंद पडले की ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे साहाय्य कमी होते. तसे झाल्यास ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, तो पुन्हा पुन्हा सोडू नये, आणि धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्यावी.